तामलवाडीला उतरलेली बाई

छापखान्याचे मालक वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी त्यांच्या नावानं बोटं मोडायला नको. तुळजापुरात त्यांचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बारशाच्या पत्रिका असलं सगळं ते छापतात. माझी गोष्ट छापून द्याल का म्हणून मी तीनदा त्यांच्याकडं गेले. तिसऱ्यांदा, त्या सोमवारी, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, छापायला मला जड न्हाय. पुढच्या सोमवारपर्यंत मशीन मोकळंच हाय, मग लग्नाची घाई लागते. पण गठ्ठे पडून राहिले तर तुमालाच वाईट वाटंल. मला पंचवीस माणसं दाखवा. घरची न्हाय, गावची न्हाय. नाव, गाव, फोन. तुमची गोष्ट वाचायचीच म्हणणारी पंचवीस माणसं."

परतीच्या गाडीत मी माणसं आठवत आले. घरची नकोत, गावची नकोत म्हणल्यावर माझ्याकडं एक उमरग्याची मावसबहीण उरली. तिला आता ऐकू येत नाही, आणि वाचता तर कधीच येत नव्हतं.

माझं वय शहात्तर. अणदूरला राहते. शाळेची पायरी मी चढले ती लेकाचं नाव घालायला. मला अक्षरं आली ती एसटीच्या पाट्यांवरून. आमच्या मालकांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं, मी कपबशा विसळायची, आणि समोर गाड्या थांबायच्या. कंडक्टर ओरडायचा 'उमरगा, उमरगा', आणि वर पाटीवर चार अक्षरं असायची. उ, म, र, गा. तेच माझं पहिलं वाचन. सोलापूर पुढच्या आठवड्यात आलं. नळदुर्गनं मात्र लई छळलं, त्या रफाराचं काय करायचं ते सहा महिने कळलं नाही. अजूनही मी मनातल्या मनात वाचू शकत नाही. कंडक्टरसारखं मोठ्यांदाच वाचावं लागतं, नाहीतर अर्थ लागत नाही.

आमचे मालक गेल्यावर मी लिहायला लागले. दोनशे पानी वह्या आहेत सात. सगळ्यांत जी मोठी गोष्ट आहे, जी मला छापायची होती, ती एका मुलीची आहे. तिला सीमेपल्याड कानडी मुलखात दिलेली असते. तिला तिथली भाषा येत नाही. सासू काय म्हणते कळत नाही, नवरा काय म्हणतो तेही कळत नाही, मग ती बोलायचंच सोडते. वर्षभर एक शब्द नाही. घरची माणसं तिला मुकी समजून तिच्यासमोर सगळं बोलतात, आणि ती हळूहळू सगळं समजायला लागते. पंचमीला ती माहेरी येते आणि आईला म्हणते, मी आता जात नाही. एवढं लिहून झालं होतं. पुढं ती परत जाते का नाही, ते मला दोन वर्षं सापडत नव्हतं. म्हणजे बघा, गोष्टीला शेवट नाही, वाचायला माणूस नाही, आणि मी छापखान्याच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

घरी आले तर सून म्हणाली, "आत्या, ग्रुपवर टाका की." महिला मंडळाच्या ग्रुपवर मी पहिली दोन पानं वाचून पाठवलेलीच होती. खाली गुलाबाची फुलं आली, शुभ सकाळ आलं, एकीनं विचारलं पिठाची गिरणी चालू हाय का. ऐकलं असं कुणी म्हणलं नाही, ऐकलं नाही असंही कुणी म्हणलं नाही. मी सुनेला म्हणलं, मला समोर तोंड दिसलं पाहिजे. ती म्हणाली, "मग एसटीत जा. तुमाला तर फुकटच हाय." ती चेष्टा करत होती. पण पंचाहत्तरी झाली की आमच्याकडं एसटीला तिकीट नाही, हे काय चेष्टेचं नव्हतं. एका गाडीत पन्नास माणसं. तास-दीड तास जागचं उठत नाहीत. मला वाटलं, देवानंच सांगितलं.

मंगळवारी सकाळची गाडी धरली. वही चुरगळू नये म्हणून सुनेनं ती ओटीतल्या लाल खणात गुंडाळून दिली होती. तो खण हीच चूक झाली, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? नळदुर्ग सोडल्यावर मी उठले, दांड्याला धरलं, खण सोडला आणि वाचायला सुरुवात केली. "तिला कानडी मुलखात दिली तेव्हा ती सोळा वर्षांची होती." चार ओळी झाल्या असतील, पुढच्या बाकावरची बाई उठली, वाकून माझ्या पाया पडली आणि माझ्या पिशवीत नाणं टाकलं. तिच्यामागं दुसरी. मग एका माणसानं बसल्या जागेवरून नोट पुढं केली, हातोहात ती माझ्यापर्यंत आली, आणि नोट पोचल्यावर तो खिडकीकडं तोंड करून डोळे मिटून बसला.

मंगळवार म्हणजे देवीचा वार. गाडी तुळजापूरची. म्हातारी बाई, खांद्याला पिशवी, हातात लाल खणातलं काहीतरी, उभी राहून मोठ्यांदा काही म्हणतेय. लोकांनी मला जोगवा मागणारी समजलं. देवीच्या नावानं मागणाऱ्या बाईला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. आणि देवीच्या नावानं हातात पडलेलं माघारीही देत नाहीत. दिलं तर देणाऱ्याला वाटतं आईनं आपलं नाकारलं. एका पोरीला मी म्हणलं, "बाई, म्या मागत न्हाय, गोष्ट सांगते." तिचं तोंड एवढंसं झालं, डोळ्यात पाणी आलं. मी गपकन पिशवी पुढं केली. काय करणार?

तुळजापूर येईपर्यंत पिशवी जड झाली, आणि मी गोष्टीचं पहिलं पानसुद्धा पुरं केलं नव्हतं. ते सगळं देवळात पेटीत टाकलं आणि घरी आले.

बुधवारी खण घरी ठेवला. वही बाजाराच्या पिशवीत घातली, कपाळाला अंगाराही लावला नाही. तरी तेच. एकदा का माणूस गाडीत उभं राहून बोलायला लागलं की लोकांचा हात आपोआप खिशाकडं जातो. मी वाचायचे, नाणं पडायचं, आणि नाणं टाकलेला माणूस सुटल्यासारखा पाठ टेकून बसायचा. एका वाक्याच्या वर कुणी कान दिला नाही. पैसे देत होते. घरी परतून मी वही उघडली, शेवट लिहायला बसले, आणि लिहिलं, ती परत गेली. मग ते खोडलं. दुसरी दोन वाक्यं लिहून परत तेच लिहिलं, परत खोडलं. कागदाला भोक पडलं.

गुरुवारी तुळजापूरच्या स्टँडवर मला एका बाईनं अडवलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, कपाळ कुंकवानं भरलेलं. खरी आराधीण. म्हणाली, "तुमी व्हय त्या वहीवाल्या? नळदुर्गच्या गाडीत मागतेत त्या?"

मी म्हणलं, मी मागत नाही.

"मग पिशवी कशी भरती? त्या गाड्या माज्या हायत. माज्या सासूनं तिथंच मागितलं, म्या तिथंच मागते. तुमच्या घरी लेक हाय, सून हाय, अंगावर धडकं लुगडं हाय. तुमाला आईनं बोलावलंय का?"

मला भर स्टँडवर रडू आलं. तिला मी सगळं सांगितलं. छापखाना, पंचवीस माणसं, सोमवार. पिशवीत होतं ते सगळं तिच्या परडीत ओतलं. ती जरा निवळली. आम्ही दोघी रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. तिनं मला विचारलं, लोक नाणं का टाकतेत ठावं हाय का? मी म्हणलं, श्रद्धेनं.

"आपुन म्होरं सरकावं म्हनून," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली गाणं म्हनते म्या गाडीत. अख्खं गाणं कुनी ऐकलेलं न्हाय. सासूनं सोळा कडवी शिकवलेली, म्या दोनच म्हनते आता. बाकीची इसरले."

असं बोलून ती उठली आणि सुटायच्या बेतात असलेल्या लातूरच्या गाडीत चढली. गाडी हलेपर्यंत तिचा आवाज येत होता. मी मोजत बसले नाही, पण दोनच कडवी झाली असणार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, आत्या, सोडून द्या आता, कशाला जिवाला घोर. तिला काय सांगू? माझ्याही वह्या सातच्या दोन होतील आणि मग त्या दोनही कुणाला आठवणार नाहीत, एवढंच दिसत होतं समोर.

तरी शुक्रवारी परत गेले. तीन दिवस उरले होते आणि कागदावर एक नाव नव्हतं. म्हणलं आता वाचायचं नाही, सरळ विचारायचं. कोऱ्या कागदावर पट्टीनं तीन रकाने आणि पंचवीस ओळी आखल्या. वर लिहिलं नाव, गाव, फोन. त्याच्याही वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ही गोष्ट वाचण्यास आम्ही तयार आहोत.' गुडघ्यांमुळं मला गर्दीतून मागंपर्यंत जाता येत नाही, म्हणून पहिल्या बाकावरच्या पांढऱ्या टोपीवाल्यांना कागद आणि पेन दिलं आणि सांगितलं, सही करून मागं द्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान डोलावली, लिहिलं, मागं दिलं. कागद गाडीभर फिरला. मी पुढं बसून पाठीमागची कुजबुज ऐकत होते. कुणी पेन मागत होतं, कुणी दुसऱ्याला म्हणत होतं, माझंबी घाल. मला वाटलं, अगं, विचारायचंच तर होतं.

घाट लागायच्या आत कागद परत आला. पंचवीसच्या पंचवीस ओळी भरलेल्या. खाली समासातही दोन नावं. मी चष्मा लावला. नाव होतं, गाव होतं, आणि फोनच्या रकान्यात एकावन्न. त्याच्या खाली एकवीस. मग अकरा, अकरा, अकरा, एकशे एक. टोपीवाल्यांनी वरचं काही वाचलं नव्हतं. देवीच्या गाडीत कागद फिरला म्हणजे महाप्रसादाची वर्गणी, हे त्यांना वाचायची गरजच नव्हती. त्यांनी एकावन्न लिहिलं, आणि त्यांच्यानंतरच्या प्रत्येकानं आपल्या वरच्यानं काय लिहिलं ते बघून लिहिलं. मथळा कुणीच बघितला नाही. कागदाच्या मागोमाग रुमालात बांधलेले पैसेही आले. रुमाल ज्याचा होता तो म्हणाला, "आजी, पंगत कोनत्या वारी हाय?"

मी म्हणलं, सांगते. रुमाल रिकामा करून दिला, पैसे पुन्हा पेटीत टाकले, आणि कंडक्टर मला म्हणाला ते बरोबरच होतं, की आजी, आता ह्या रूटवर जरा दमानं घ्या.

शनिवारी काही करायचं उरलंच नव्हतं. पण घरात बसवेना, तुळजापूरला आले, आणि कंडक्टरचा शब्द मोडायला नको म्हणून समोर उभी होती त्या सोलापूरच्या गाडीत चढले. सोलापुरात माझं काही काम नव्हतं. कडेच्या बाकावर खिडकीशी एक बाई होती, तिच्याजवळ बसले. चाळिशीची असेल. मांडीवर कुकर होता, दुरुस्त करून आणलेला, झाकण सुतळीनं बांधलेलं. गाडी सुटली आणि मी वही उघडली. कुणासाठी नाही. शेवट सापडत नव्हता म्हणून पहिल्यापासून वाचून बघावं म्हणलं. आता मला मोठ्यांदा वाचल्याशिवाय येत नाही ते सांगितलंच आहे. बारीक आवाजात, पण वाचत गेले. ती सासरी गेली, ती गप्प झाली, तिच्यासमोर जावा तिच्याचबद्दल बोलल्या आणि तिनं भाकरी थापत थापत सगळं ऐकलं. मधे एकदा गाडी खड्ड्यात गेली, पान उलटलं, ओळ हरवली. मी शोधत होते. शेजारच्या बाईनं ओळ दाखवायला बोट उचललं आणि परत कुकरच्या झाकणावर ठेवलं. नाणं काढायला तिचा हात पिशवीकडं गेला नाही. मी वाचत राहिले. "आईनं विचारलं, का जात नाहीस? ती म्हणाली, मला आता सगळं समजतं." इथं माझं लिहिलेलं संपतं. मी वही मिटली.

तामलवाडी आली. बाई कुकर घेऊन उठली, माझ्या गुडघ्याला धक्का न लावता बाहेर पडली, गर्दीतून दारापर्यंत गेली. उतरायच्या पायरीवर ती वळली.

"मग ती परत गेली का न्हाय?"

मला माहीतच नव्हतं, तर काय सांगणार? मी म्हणलं, "थांबा." कंडक्टरनं घंटी मारली. मी उठून दारापर्यंत जाईतो गाडीनं वेग घेतला होता. काचेतून दिसलं, ती कुकर कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती, पोराला घ्यावं तसं. नाव नाही, फोन नाही. सोलापूर येईपर्यंत मी 'पुढच्या थांब्याला उतरते, उतरते' म्हणत होते आणि उतरले नाही. तेवढं एक काम मी का केलं नाही, ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

रविवारभर लिहिलं. सून चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली, जेवायला हाक आली, मी उठले नाही. ती परत गेली असं लिहिलं की ती बाई दारातून तशीच माझ्याकडं बघत राहायची. ती परत गेली नाही असं लिहिलं तरी तशीच बघायची. तिला काय हवं होतं? गेली म्हणलं तर तिला बरं वाटलं असतं, का नाही गेली म्हणलं तर? एका माणसानं विचारलं आणि मला शेवट आणखी अवघड होऊन बसला.

सोमवारी छापखान्यात गेले. मालकांनी कागद बघितला, वर-खाली बघितला, आणि खो खो हसले. मग मला वाईट वाटलेलं बघून त्यांनी हसू आवरलं. मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे वाचणारे नाहीत, हे देवीचे आहेत. माझा एकच माणूस आहे आणि तिचं नाव मला माहीत नाही.

त्यांनी पेनानं टेबलावर दोनदा टकटक केलं. मग म्हणाले, "मावशी, एक सांगू का. पुस्तकावर आईचा फोटो टाकू. लाल रंगात. मंगळवारी देवळाच्या पायऱ्यांपाशी ठिवू. लोकं न वाचता घेतील."

हो म्हणायला मी श्वास घेतला होता, खोटं कशाला बोलू? पुस्तक डोळ्यांसमोर उभं राहिलं, लाल, चकचकीत, माझं. घरोघरी देव्हाऱ्यात गेलं असतं, त्याला हळदकुंकू लागलं असतं. आणि कुणी उघडलं नसतं. मला ती आराधीण आठवली, तिची दोन कडवी.

मी म्हणलं, "दादा, न वाचता घेणारी माणसं मला आठवडाभर भेटली."

ते म्हणाले, मग माझा इलाज नाही. उद्यापासून पत्रिका आहेत. त्यांचा दोष नाही. दारापर्यंत ते सोडायला आले, आणि त्या यादीचा कागद मी मागितला तेव्हा घडी घालून हातात दिला.

तिथून मी तामलवाडीला उतरले. फाट्यावर पानाची टपरी आहे, तिथं विचारलं, कुकर घेऊन शनिवारी उतरलेली बाई. टपरीवाला म्हणाला, आजी, हितं रोज कोण काय घेऊन उतरतंय, नाव सांगा. नाव तर मलाच पाहिजे होतं. पुढं हॉटेलात विचारलं. त्यांनी मला बसवून पाणी दिलं, आणि तिथल्या बाईनं सवयीनं एक नाणं पुढं केलं. ते मी घेतलं नाही. आठवडाभरात पहिल्यांदा घेतलं नाही. तिच्या तोंडाकडंही बघितलं नाही.

थांब्यावर ऊन होतं, बसायला दगड होता. सोलापूरकडून, तुळजापूरकडून गाड्या येत होत्या, पाट्या मी मोठ्यांदा वाचत होते. बायका उतरत होत्या. भाजीवाल्या, मास्तरीण, एकीच्या कडेवर खरंच पोर होतं. कागद काढला. पंचवीस ओळींवर एक-एक रेघ मारली, अकरावर, एकवीसवर, टोपीवाल्यांच्या एकावन्नवर. समासातल्या दोन नावांवरही मारली. खाली कागद संपला होता, म्हणून मागच्या बाजूला पहिली ओळ लिहिली. नाव, कुकरवाली बाई. गाव, तामलवाडी. फोनचा रकाना तसाच ठेवला.

मग वही काढली, आणि शेवटच्या पानावर, खोडून खोडून भोक पडलेल्या जागेच्या खाली, तिनं विचारलेलं तिच्याच शब्दांत लिहिलं. तेवढंच लिहिता आलं. गाडी आली, ह्या गाडीतून ती उतरली नाही. मी दुसरीची वाट बघितली.